अबू गसानचा कोरा बिल्ला

जॉर्डनमधल्या इरबिदच्या आमच्या इस्पितळात सगळ्यात जास्त जपलेली वस्तू म्हणजे अबू गसानचा बिल्ला. अंगावर किती किरणोत्सर्ग पडला ते मोजणारा हा बिल्ला छातीला लावायचा असतो. अबू गसान आमच्या किरणोत्सारी तपासण्यांच्या विभागातला जुना तंत्रज्ञ; कामाला लागण्याआधी तो बिल्ला शिशाच्या कपाटात ठेवायचा, स्वतः मात्र बाहेर. दर महिन्याला बिल्ला कोरा यायचा आणि संचालक त्याला सगळ्यांसमोर शाबासकी द्यायचे.

किरणोत्सारी इंजेक्शन दिलं की रुग्णापासून लांब राहा, हा नियम नवख्यांना तोच शिकवायचा. मग जाऊन एखाद्या म्हातारीचा हात धरून चहा पीत बसायचा. "हज्जे," तो तिला हज केलेल्या आजीचा मान देत म्हणायचा, "पाहुण्याला एकटं सोडू का मी? लोक तोंडात शेण घालतील माझ्या." मी काही बोललो तर म्हणायचा, "बिल्ल्यावर आकडा चढला की फायलींच्या खोलीत बसवतात. तिथे मी आठवड्यात मरेन. इथे निदान वेळ तरी लागेल."

आमची तंत्रज्ञ नज्ला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी गरोदर राहिली. तिने टेबलावरचं काम मागितलं. संचालक हसले. "अबू गसानचा बिल्ला बघा, बाई. तुमच्या स्वयंपाकघरापेक्षा हा विभाग सुरक्षित आहे."

हे ऐकून अबू गसान खरं सांगायला गेला. "विनोद पुरे," संचालक म्हणाले, "तपासणीवाले यायचेत."

बाहेर नज्ला रडत होती. तो म्हणाला, "आण तुझा बिल्ला. महिनाभर मी लावतो. तुझी इंजेक्शनं हा देईल." हा म्हणजे मी. मला विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

"अम्मो, ही लबाडी झाली," नज्ला म्हणाली. ती त्याला काकाच म्हणायची.

"वीस वर्षं केली तेव्हा टाळ्या पडल्या. आता एक महिना उलट्या बाजूने करू."

महिन्याने अहवाल आला. नज्लाच्या नावापुढचा आकडा बघून संचालकांची बोबडी वळली. जेवायच्या सुट्टीआधीच तिला टेबल मिळालं, वर खुर्चीला उशीही. आम्ही पाकात भिजलेली कुनाफा मिठाई मागवली.

अबू गसानने मात्र खाल्ली नाही. तो अहवाल हातात धरून बसला होता. नाव नज्लाचं, पण आकडा त्याचा, आणि इतक्या वर्षांतला पहिला खरा. मला त्याचा भयंकर राग आला, तरी मी त्याच्याजवळ जाऊन बसलो.

"माझं गणित कच्चं आहे," तो म्हणाला. "हा एका महिन्याचा. वीस वर्षांचा किती होतो, बघ जरा."

मी मोबाइल काढला, गुणाकार केला, आणि बॅटरी संपलीय म्हणून सांगितलं.