खदानीतलं पाणी कोणाचं?

फीत बांधलेली होती, ताटात कात्री होती, मुंबईहून आमचे डायरेक्टर आले होते. आणि सरपंच कमलताई कात्री हातात घ्यायला तयार नव्हत्या.

"आधी पानी द्या, मंग कापतो मी फीत," त्या म्हणाल्या.

बार्शीटाकळी तालुक्यातलं हे गाव. शेजारी आमच्या कंपनीची खडी-गिट्टीची खदान. मी तिथे जिऑलॉजिस्ट. शहरातल्या जठारपेठेतून रोज जाऊन-येऊन नोकरी. कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे समाजासाठी बाजूला काढलेल्या पैशातून, वेशीवर सिमेंटची भलीमोठी कमान बांधली होती. त्यावर गावापेक्षा कंपनीचं नाव मोठं. कमान हवी का, हे गावाला कोणी विचारलंच नव्हतं.

मॅनेजर साहेब माझ्या कानाशी आले. "मॅडम, तुम्ही इकडच्याच. समजवा बाईंना."

काय समजावणार? बाई खरं बोलत होत्या.

जमिनीखाली खडकाच्या भेगांमध्ये पाणी असतं. विहिरी त्यावरच चालतात. खदान विहिरीपेक्षा खोल गेली, की ते पाणी खड्ड्याकडे ओढलं जातं. खड्ड्यात पाणी साचलं तर खोदकाम थांबतं, म्हणून पंप लावून ते उपसतात. याला डीवॉटरिंग म्हणतात. आमचा पंप दिवसभर नाल्यात पाणी ओतायचा, आणि गावातल्या बाया रिकामी भांडी घेऊन टँकरची वाट बघायच्या.

हे मी साहेबांना लिहून दिलं होतं, तोंडानेही सांगितलं होतं, आणि कमानीऐवजी ते पाणी पाइपलाइनने गावाला द्या असंही सुचवलं होतं. ऐन उन्हाळ्यात पंप जळून दुरुस्तीला गेला, तर गावच्या विहिरीत पाणी चढलं. पंप परत आला, विहीर पुन्हा आटली.

"योगायोग," साहेब म्हणाले. "आणि पाइपलाइन कोणाला दिसते, मॅडम? कमान रस्त्यावरून दिसते."



आता मांडवात कमलताई माझ्याकडे वळल्या. "मॅडम, तुमी सांगा. नाल्यात सोडून राहिले ते पानी आमच्या इहिरीचं हाय का नाई?"

साहेबांनी डोळे वटारले. मी म्हणाले, "हो ताई. त्यातलं बरंचसं तुमच्याच विहिरीचं आहे."

"तुम्हाला पगार कोण देतं, मॅडम?" साहेब ओरडलेच.

"कंपनी देते, सर. जमिनीखाली काय चाललंय ते सांगण्याचाच देते."

डायरेक्टर आमच्या मॅनेजर साहेबांकडे वळले. "मला हे कोणी सांगितलं का नाही?"

"टेक्निकल गोष्ट होती, सर."

मागून एक म्हातारबुवा उठले. "आमचा घसा वाळून राहिला साहेब, त्याच्यात टेक्निकल काय हाय?"

फीत तशीच राहिली. डायरेक्टर बूट चिखलात घालून नाल्यापर्यंत चालत गेले. वाहतं पाणी स्वतः बघून आले. पुढच्या काही महिन्यांत काम झालं: खदानीतून गाळ बसवायची टाकी, मग शुद्धीकरण, तिथून गावाची टाकी. टँकर बंद झाला. यात कंपनीचं मन मोठं झालं असं कोणी समजू नये. खदानीची मुदत वाढवून घ्यायची होती, आणि गाव विरोधात गेलेलं परवडणारं नव्हतं. कपाशीवर धूळ अजूनही बसते. त्यावर कोणी बोलत नाही.

माझी बदली दुसऱ्या खदानीवर झाली. कारण, 'प्रशासकीय'.

नळ सुरू झाले त्या दिवशी कमलताईंचा फोन आला. कंपनीने टाकीवर पाटी लावली होती: 'गावाला पाण्याची भेट'.

"भेट कायची, मॅडम? आमचंच नेलं, अन् आमालेच वापस केलं."

मी आता नव्या खदानीवर आहे. इथल्या बैठकीत शाश्वत विकासाचा विषय निघाला, की मी आधी एवढंच विचारते: आपण गावाचं काय घेतो आहोत? बहुतेक वेळा त्यानंतर चहा मागवला जातो.