भिंतीवरची सिस्टर

भिवंडीच्या त्या नर्सिंग होममध्ये मी साडेचार वर्षं काढली आणि ती सगळी वर्षं मी भिंतीवर टांगलेली होते. मी म्हणजे माझं नर्सिंगचं सर्टिफिकेट. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तपासणीला कोणी आलं की शिकलेली नर्स दाखवावी लागायची आणि तिथे शिकलेली अशी मी एकटीच. बाकीच्या मुली बघून बघून शिकलेल्या, हाताने माझ्याहून तरबेज, पण त्यांच्याकडे कागद नव्हता. म्हणून मी रुजू झाले त्याच आठवड्यात मॅडमनी माझा मूळ कागद मागून घेतला, फ्रेम करवला आणि पेशंट बसतात त्या खोलीत लावला. फ्रेमवाल्याने आपल्या मनाने कोपऱ्यात माझा पासपोर्ट फोटोही चिकटवला.

भिंतीवर आधी गणपती, मग डॉक्टरांचे कैलासवासी वडील आणि मग मी. आयाबाई रोज सकाळी तिघांना अगरबत्ती ओवाळायची. प्लास्टिकचे हारही तिघांना सारखेच. एकाला घालायचा आणि एकाला नाही, असला भेदभाव तिला जमायचा नाही. त्यामुळे व्हायचं काय, की पॉवरलूमचा धोटा उडून कपाळ फुटलेला एखादा कामगार टाके घालून घेताना फोटोकडे बघून हळूच विचारायचा, "ये सिस्टर कब गुज़र गईं?" मी म्हणायचे, "अभी थोड़ी जान बाकी है, हिलो मत." मग तो गप्प बसायचा आणि टाके बरे पडायचे.

जीव खरोखरच थोडा उरला होता. मॅडम म्हणजे डॉक्टरांची बायको. डॉक्टर पेशंट तपासायचे आणि बाकी सगळा कारभार मॅडमचा. मी त्यांच्या डोळ्यांत का खुपत होते, देव जाणे. निघताना रोज माझी पर्स तपासायच्या, कापूस-बँडेज नेते की काय म्हणून. थर्मामीटर फुटलं तर माझ्यामुळे, आणि लाइट गेली तरी आधी माझ्याकडे बघायच्या. एका म्हातारीने "इस सिस्टर का हाथ हलका है" असं त्यांच्यासमोर म्हटलं, तर दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर मला बेडपॅनच्या ड्युटीवर टाकलं. आम्हाला बसायला एक स्टूल होतं, तेही त्यांनी वरच्या मजल्यावर आपल्या घरी नेलं. नर्सने बसायचं नसतं म्हणे. संध्याकाळी माझे पाय सुजलेले असायचे आणि डोकं तापलेलं.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मला सरकारी दवाखान्याचा कॉल आला. पंधरा दिवसांत मूळ सर्टिफिकेट घेऊन हजर व्हा. मूळ सर्टिफिकेट भिंतीवर. ते नसेल तर जागा दुसरीला जाणार, आणि मी आयुष्यभर उभीच.

मी भिवंडीजवळच्या पूर्णा गावात आत्याकडे राहायचे. तेव्हा गावाभोवती शेतं होती, गोदामं नव्हती. पडवीत भात पाखडता पाखडता आत्याने युद्धाची आखणी सुरू केली.

"लगीन जमलाय म्हनून सांग. लगनाला कोन न्हाय म्हनतं?"

"मग मॅडम हळदीला येतील, आत्या."

"येव दे. मटन घालू."

"पण हळद लावायची कोणाला?"

आत्या परत भात पाखडायला लागली आणि लग्न तिथेच मोडलं. सरळ भांडून यावं, असं माझ्या मनात होतं. आरशासमोर मी ते भांडण चार वेळा केलं आणि चारही वेळा जिंकले. पाचव्यांदा मॅडमसमोर गेले आणि "हो मॅडम" म्हणून बेडपॅन घेऊन परत आले. सर्टिफिकेट हरवलं म्हणून पोलिसांत लिहून द्यावं आणि नक्कल काढावी, तर चौकीतला हवालदार त्याच फ्रेमखाली बसून तीनदा इंजेक्शन घेऊन गेलेला. साधं मागून बघावं म्हटलं, तर माझ्या आधीच्या नर्सने मागितलं होतं. तिला मॅडम "बघू" म्हणाल्या आणि ते बघणं सात महिने चाललं.

तेवढ्यात नर्सिंग होममध्ये दिवाळीचं रंगकाम निघालं. रंगारी दोघे, उत्तरेकडचे, भारी व्यवस्थित. त्यांनी तिन्ही फ्रेमा खाली उतरवल्या, चुना उडू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळल्या, लूममधल्या वाया गेलेल्या सुताने बांधल्या आणि जिन्याखाली उभ्या करून ठेवल्या. मला वाटलं, देवच पावला. मी त्या जिन्याखाली वाकले. गणपतीच्या फ्रेमला झिरोचा बल्ब आणि वायर होती, तो लगेच ओळखू आला. उरले दोन पुडे. दोन्ही एकाच मापाचे, एकाच फ्रेमवाल्याचे. उघडून बघायला सवड नव्हती, वर मॅडमच्या चपला वाजत होत्या. भिंतीवर मी सगळ्यात शेवटी होते, म्हणून शेवटचा पुडा काखेत मारला आणि निघाले.

दारात मॅडम समोर. त्यांनी पर्स तपासली आणि मग पुड्याकडे बघितलं.

"हे काय?"

"आरसा आहे. आत्याने मागवलाय."

मॅडमनी पुडा हातात घेतला, सुताची गाठ आवळली आणि परत दिला.

"नीट धर. फुटेल."

साडेचार वर्षांत त्या माझ्याशी पहिल्यांदा माणसासारखं बोलल्या आणि नेमक्या तेव्हाच मी त्यांच्या घरातली चोरी करत होते. मला फार लाज वाटली. पण फ्रेम सोडली नाही.

गावाकडे जाणाऱ्या टेम्पोत मागे बसले होते. एका खड्ड्यात काच तडकल्याचा आवाज आला. घरी पोचल्यावर आत्याने कागद फाडला आणि आतून डॉक्टरांचे वडील बाहेर आले. फेटा, झुपकेदार मिशा आणि आमच्या दोघींवर रोखलेली नजर.

"आगो बाय!" आत्या म्हणाली. "मी लगीन जमलाय म्हनून सांगाला सांगतला व्हता, नवरा आनाला न्हाय!"

मी हसले आणि मग रडले. स्वतःचा कागद चोरायला गेले आणि दुसऱ्याचा सासरा घेऊन आले. निदान तडकलेली काच बदलून परत करावा, म्हणून आत्याने पक्कड आणली आणि मागचे खिळे काढले. पुठ्ठा निघाला. पुठ्ठ्याच्या आणि फोटोच्या मध्ये एक कागद होता. नर्सिंगचं सर्टिफिकेट. माझ्यासारखंच, फक्त वीस-बावीस वर्षं जुनं. टाचणीने लावलेला एक फोटो होता, दोन वेण्या घातलेल्या मुलीचा. पांढरा गणवेश आणि हसू आवरत नसलेलं तोंड. त्या हसण्यामुळे मला ओळखायला वेळ लागला. त्या आमच्या मॅडम होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारपेठेत काच बसवून घेतली आणि तो कागद होता तसाच आत ठेवला. नर्सिंग होममध्ये पोचले तर गोंधळ चाललेला. भिंतीवर गणपती होता, मी होते, मधला खिळा रिकामा. मॅडम रंगाऱ्यांवर ओरडत होत्या. त्यातला एक बिचारा पुन्हा पुन्हा सांगत होता, "मैडम, हम बुड्ढे का क्या करेंगे?" आयाबाई रडत होती. डॉक्टर पोलिसांना बोलवायला निघाले होते. तेव्हा मात्र मला गप्प राहवेना. मी पुडा टेबलावर ठेवला.

"मी नेली होती. चुकून. मला माझं सर्टिफिकेट चोरायचं होतं."

डॉक्टर काही बोलणार, तोच मॅडमनी त्यांच्यासकट सगळ्यांना आत पाठवलं. नवी काच त्यांनी बोटाने चाचपून बघितली.

"उघडलीस?"

"काच तडकली होती."

त्यांनी सासऱ्यांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "ह्यांना सून नर्स हवी होती, पण नोकरी करणारी नको होती. कागद फाडून टाक म्हणाले. फाडला असं मी सांगितलं आणि ते गेल्यावर ह्यांच्याच फोटोमागे लपवला. तिथे हात लावायची कोणाची छाती नव्हती."

मग त्यांनी विचारलं, "कधी हजर व्हायचंय?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"पर्समध्ये पत्र होतं. आठ दिवस झाले. वाटलं, मागशील."

"मागितलं असतं तर दिलं असतंत?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

इतकं खरं उत्तर मला त्या इमारतीत कोणी दिलं नव्हतं. मग त्या वर गेल्या, आमचंच ते स्टूल घेऊन आल्या, स्वतः त्यावर चढल्या आणि मला भिंतीवरून उतरवलं. हार काढला. फ्रेम माझ्या हातात दिली आणि पर्स न तपासता म्हणाल्या, "जा आता."

सगळं विसरून मी त्यांच्या गळ्यात पडले, असं काही झालं नाही. साडेचार वर्षांचे बेडपॅन एका सकाळीत धुऊन निघत नाहीत. जे आपल्या बाबतीत झालं, ते दुसरीला करताना त्यांचा हात कसा धजावला, हे मला आजही कळत नाही. पण पायऱ्या उतरताना मी मागे वळून बघितलं. त्या स्टुलावर बसल्या होत्या.

सरकारी नोकरीत रुजू झाल्यावर दोनेक महिन्यांनी आयाबाई मला बाजारात भेटली. तिला केव्हा एकदा सांगते असं झालं होतं.

"सिस्टर, तुमच्या खिल्यावर आता दुसरी सिस्टर टांगलीय. दोन वेन्या हायेत तिला."

"आणि हार?"

"हार घातलाय. पन अगरबत्ती ववालाया गेले तं मॅडमनी हात धरला माजा. म्हनाल्या, हिला नको, ही अजून जिती हाय."