धोंडप्पानं काढलेला येडूचा फोटो

शुक्रवार पेठेत धोंडप्पाचा फोटो स्टुडिओ होता, आणि पेठेतल्या निम्म्या लग्नांचं श्रेय खरं तर त्याच्या पेन्सिलीला जायला हवं होतं. मुलीच्या तोंडावर देवीचे वण असोत की भाजल्याचा डाग, धोंडप्पा निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल अशी फिरवी की फोटोत डागाचं नामोनिशाण राहत नसे. मुलींचे बाप खूश होऊन जात. त्याला स्वतःला सांगून आलेल्या मुली मात्र त्यानं काहीबाही कारणं देऊन परतवल्या. पंचेचाळिशी उलटल्यावर नातेवाइकांनीही नाद सोडला. दुकानामागच्या खोलीत तो एकटाच भाकरी करून खाई.

मंगळवारी येडू येई. येडू यल्लम्माला सोडलेला जोगत्या. अंगावर लुगडं, कपाळभर भंडारा, डोक्यावर देवीची परडी. पेठ त्याला 'तो' म्हणे, आणि पाठीमागं आणखी बरंच काही म्हणे. धोंडप्पा मनात 'ती' म्हणे. आपणही तसंच म्हणू, तिला तेच आवडायचं. जोगवा घेताना ती विचारी, जेवलास का रं, आप्पा? आठवडाभरात हे विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. तिच्याविषयी आपल्याला काय वाटतं हे धोंडप्पानं स्वतःलासुद्धा कधी नीट सांगितलं नव्हतं. सांगून करायचं काय? अशा गोष्टीला जे शब्द होते ते सगळे शिव्यांचेच होते.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. स्टेशनाबाहेर जोगवा मागणाऱ्या येडूला पोलिसांनी उचललं, लुगडं फेडून मारलं, गळ्यावर विडीचे चटके दिले आणि सकाळी सोडून दिलं. असं आधीही व्हायचं, पण जोगत्याची तक्रार घेतो कोण? या खेपेला भीमाशंकर नावाचे एक तरुण वकील भेटले. पोलिसांच्या जुलमाची प्रकरणं ते गोळा करत होते. त्यांनी बजावलं की दवाखान्यात 'पडून लागलं' एवढंच लिहितील, तेव्हा आजच फोटो काढून घे, जखमा भरल्या की हातात काही उरणार नाही.

येडू धोंडप्पाच्या स्टुडिओत येऊन बसली. एक डोळा सुजून मिटला होता. फोटो कशासाठी हवाय ते तिनं सांगितलं आणि म्हणाली, "आज हास म्हनू नगंस मला." धोंडप्पानं दिवा तिच्या तोंडाकडं वळवला आणि फोटो काढला.

दुपारी तो निगेटिव्ह घेऊन बसला. तो सुजलेला डोळा त्याला बघवेना. पेन्सिल कधी हातात आली हे कळलंही नाही. आधी ओठाची चीर गेली, मग डोळ्याची सूज, मग गळ्यावरचे चटके एकेक करून. फोटो छापून, पाकीट चिकटवून त्यानं ते वकिलांकडे पोचवलं. शुद्ध गाढवपणा. पण माया करायची तर माणूस आपल्याला जे येतं तेच करतो.

वकिलांनी तसंच बंद ठेवलेलं पाकीट चौकशीत मॅजिस्ट्रेटसाहेबांसमोर फोडलं, तर आतून नितळ चेहऱ्याची देखणी येडू निघाली. पोलीस पोट धरून हसले. वकिलांनी कपाळाला हात लावला. तोवर जखमा भरून आल्या होत्या. पुढच्या तारखेला धोंडप्पाला बोलावलं. निगेटिव्हवरची पेन्सिल पुसून त्यानं दुसरा फोटो छापून आणला, तेव्हा पोलीस म्हणाले, ह्या जखमा यानंच रंगवल्यात.

साहेबांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि यातला खरा कोणता ते विचारलं.

"दुसरा," धोंडप्पा म्हणाला. "जखमा होत्या म्हणून तर पुसल्या की, साहेब."

का पुसल्या, साहेबांनी विचारलं. सवय, असं म्हणून सुटता आलं असतं. पण मग सवयीनं पुसणारा सवयीनं रंगवूही शकतो, आणि येडूची तक्रार तिथंच बुडाली असती.

"ती मला तशी बघवेना, साहेब," तो म्हणाला. "माझा जीव आहे तिच्यावर."

खोलीत हशा पिकला. मागून कुणीतरी शीळ घातली. साहेब हसले नाहीत. त्यांनी येडूकडं वळून विचारलं, हा तुझा कोण लागतो? धोंडप्पा तिचा माणूस ठरला असता, तर त्याच्या साक्षीला कवडीची किंमत उरली नसती, आणि पोलिसांना बडवायला आणखी एक पाठ मिळाली असती.

"कोन न्हाई, साहेब," येडू म्हणाली. "फोटूवाला हाय. मी वळखत न्हाई ह्येला."

साहेबांनी दुसरा फोटो दाखल करून घेतला. तक्रार टिकली. बाहेर आल्यावर वकील धोंडप्पाचा हात हातात घेऊन बराच वेळ बोलत राहिले. त्याचं लक्ष पुढं चालणाऱ्या येडूकडं होतं. फाटकात पोलीस उभे होते, म्हणून ती मागं वळली नाही. उभ्या जन्मात एकदाच धोंडप्पा मनातलं बोलला होता, तेही चारचौघांत, आणि जिच्यासाठी बोलला तिला ते ऐकलंच नाही असं दाखवत निघून जावं लागलं.