दादाजीच्या जाळ्यातला रोहू

कारखान्याची राख उतरून घुग्घुसजवळचा तलाव मेला, तरी दादाजी रोज जाळं टाकायचा आणि रिकामं ओढायचा.

आमदारांना तलाव दिसतो तो निवडणुकीतच. ‘तलाव शुद्ध झाला’ असं सांगायला ते फोटोवाले घेऊन आले. कार्यकर्त्यांनी आधीच पाण्यात सोडून ठेवलेलं जाळं दादाजीला ओढायला लावलं. जाळं जड लागलं आणि म्हाताऱ्याला रडू कोसळलं.

वर आला भलामोठा रोहू. हाताला बर्फासारखा गार, पोट साफ केलेलं.

“रडते काऊन बे? हास!” कार्यकर्ता खेकसला.

दादाजी हसला. रोहू आमदारांच्या गाडीत गेला.

पुढे दादाजी राखेची तक्रार घेऊन कचेरीत गेला. साहेबांनी भिंतीवरच्या, रोहू धरलेल्या त्याच्या फोटोकडे बोट केलं.

“मासोळी नाई म्हणते, मंग हे दात कोणाचे?”