डावीकडचा काटा

आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, गाडी कानाने चालवायची सवय होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्याकडे एक जुना डिझेल पिकअप होता. त्यातून आबा शाहूवाडीकडे खताची पोती न्यायचे आणि येताना भात आणायचे. गाडी अगदी साध्या मॉडेलची. समोर वेगाचा काटा, डिझेलचा काटा आणि एक लाल दिवा, संपलं. इंजिन किती तापलंय ते ती सांगत नसे, आणि आबांना तिने सांगायची गरजही नव्हती. चढावर आवाज जरा जड झाला की ते गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडत, आणि बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघे. याचा त्यांना भारी तोरा होता.

मी तेव्हा टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. दिवसभर लोकांचं ऐकायचं हेच काम, त्यामुळे पलीकडच्याला कमी ऐकू येतंय हे मला दोन वाक्यांत कळे. घरात मात्र कळायला वेळ लागला. एका रविवारी मी आबांच्या शेजारी बसून राजारामपुरीतून घरी येत होते. फॅनचा पट्टा असा किंचाळत होता की दुकानातली माणसं वळून बघत होती. आबा खुशीत म्हणाले, "आज गाडी कशी मुकाट पळतीया बघ."

गाडी सोडा म्हणावं तर ते घरात बसणार, आणि घरात बसलेले आबा आम्हालाही झेपले नसते आणि त्यांनाही.

म्हणून मी आमच्या मिस्त्रींकडे गेले. मिस्त्री मुसलमान, त्यांचे वडील टांग्यांची कामं करायचे, हे गाड्यांची करत. त्यांच्याकडे मोडीत निघालेल्या एका पिकअपचा मीटर पडून होता, आमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचा. मध्ये मोठा वेगाचा काटा, उजवीकडे डिझेलचा, डावीकडे इंजिनच्या उष्णतेचा. "बसंल की ताई," ते म्हणाले, "पत्रा तेवढा कापाय लागंल." त्यांनी पत्रा कापला, वायरी ओढल्या, इंजिनात एक पितळी बोंड बसवलं आणि त्याची तार डाव्या काट्याला जोडली. पाणी तापलं की काटा वर चढणार. कान नाही तर नाही, डोळे तर होते.

आबांना मी यातलं काहीच सांगितलं नाही. "वरच्या मॉडेलचा मीटर गावलाय आबा, गाडी झ्याक दिसंल," एवढंच म्हटलं. काटा लाल पट्ट्यात शिरला की ते आपसूक थांबतील, असं मी धरून चालले होते. त्यांनी आधी किलोमीटरच्या आकड्यावरून कुरकुर केली. दुसऱ्याच्या गाडीचं पळणं आपल्या गाडीच्या नावावर कशाला, असं त्यांचं म्हणणं. मग दोन दिवसांनी स्वतःच फडक्याने काच पुसून भाताच्या गिरणीतल्या लोकांना दाखवून आले.

पुढे खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी गाडी धुऊन तिची पूजा होते. एरवी कुंकू बॉनेटला लागायचं. या वर्षी नवी वस्तू म्हणून आईने मीटरलाही मान दिला. तेलात कालवलेल्या कुंकवाची बोटं तिन्ही काचांवर ओढली. डावीकडची काच तिच्या हाताजवळ, तिथे चांगला जाड थर बसला. पुजलेलं कुंकू आमच्यात कोणी पुसत नाही, ते आपणहून जाईल तेव्हा जाईल. मी दुसऱ्या दिवशी खिडकीतून ते पाहिलं. पुसा म्हणावं तर का, ते सांगावं लागणार. उद्या बघू म्हणून मी कामावर गेले.

त्याच आठवड्यात मलकापूरच्या पुढच्या चढावर रेडिएटरचा पाइप फुटला. आबा तसेच चढत राहिले. गाडी थांबली ती इंजिन जाम होऊन. आबा एस.टी.ने घरी आले, गाडी दुसऱ्या दिवशी ट्रकमागे बांधून मिस्त्रींकडे आणली, तेव्हा मीही तिथे होते.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि कपाळाला हात लावला. "पानी कवाच संपलं हुतं. काटा दावत असनार की ओ." ते केबिनमध्ये वाकले, काच बघितली आणि बाजूला झाले. आबा आत चढले. त्यांनी अंगठा थुंकीने ओला करून कुंकू पुसलं. खाली लाल पट्टा होता. त्या काचेचं काम काय, हे त्यांना तोवर माहीतच नव्हतं.

"ह्यो कशाचा काटा?" त्यांनी मला विचारलं.

"इंजिन तापल्याचा."

"आं?"

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा "आं?" केलं. मग मला राहवलं नाही, सगळ्या गॅरेजात ऐकू जाईल अशी मी ओरडले, "इंजिन तापल्याचा! तुमास्नी ऐकू येत न्हाय आबा, म्हणून बसवून घेतलाय!"

बाजूच्या गाडीवरची ठोकाठोक थांबली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबा पायरीवर खाली बसले, अंगठ्याचं कुंकू धोतराला पुसत राहिले. रागावले नव्हते. मग ते नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाले,

"तवाच सांगायचं हुतंस की गं. मी पुसलं असतं."