वैशाली नावाची दुसरी बायको

माह्या नवऱ्यानं दुसरी बायको केली तव्हा मी पोराला वरणभात भरवत होते.

आमचे हे चितेगावला कंपनीत मशीनवर. आता हापिसातलं काम पाहिजे म्हणून कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायचा क्लास लावलेला. त्या दिवशी लॅपटॉप उघडून क्लासच्या सरांशी फोनवर बोलत होते.

"व्हय सर, बायको एकदाच लिहून ठेवली. त्या साच्यातून पाहिजे तितक्या काढता येतेत. कोमल तर होतीच, आज वैशाली नवी केली."

कोमल म्हंजे मी. घास हातातच राहिला.

"वैशालीपुढं टिंब दिलं की वय, गाव, सगळं भायेर येतं. प्रायव्हेट ठेवलं की भायेरच्याला नाय दिसत."

प्रायव्हेट! पोराला काखेत मारलं आन् खरकट्या हातानंच सासूकडं पळाले. "आत्याबाई, ह्यांनी दुसरी केली वो! मी लेकरू घेऊन कुठं जाऊ आता?"

आत्याबाई मेथी निवडत होत्या, जुडी घेऊनच उठल्या. "कोण रे ती वैशाली? कोण्या गावची?"

ह्यांनी नुकताच फोन ठेवलेला. (ह्यांना वाटलं, आम्ही अभ्यासच विचारतोय.) लॅपटॉपात बघतच म्हणले, "देवगाव रंगारी."

"माह्याच माहेरची?" मी पुढं झाले. "वय काय तिचं?"

"चोवीस."

"माह्याच वयाची! शिकलीय किती?"

"आठवीतून शाळा सोडली."

"मंग तर माह्याच वर्गातली आसंल ती सटवी!" आन् जे तोंड सोडलं मी, तिचं नाक, तिची चाल, तिचं खानदान, काही ठेवलं नाय.

ह्यांनी लॅपटॉप मिटला. "आगं येडे, आधार कार्डावर काय नाव हाय तुहं?"

पोरगं भात मागत होतं. "वैशाली," मी म्हणले.

लग्नात ह्यांनीच ताटातल्या तांदळात कोमल लिहिलं, तव्हापासून मला कोणी वैशाली म्हणलंच नाय. माहेरी मी बेबी. वैशाली म्हणायचे फक्त शाळेतले गुरुजी, ते बी मारताना.

"आभ्यासात एकाच बाईला दोन नावं द्यायची होती," हे म्हणले. "मी चुकून नवीन लिहिलं, तर लॅपटॉपात दोन बायका झाल्या. सर बी वरडले, नवी करू नको, हाय तिलाच दुसरं नाव लाव."

"मंग तुला दुसरं नाव हाय, हे आधी सांगायचं नाय का?" आत्याबाई माह्यावरच उखडल्या. (कोमल नाव त्यांनीच काढलं. वैशाली म्हणताना जीभ अडकते म्हणे.)

ह्यांनी लॅपटॉप परत उघडून दुसरी वैशाली तिथंच पुसून टाकली. पण माह्या शिव्या काही वाया गेल्या नाय. सगळ्या बरोबर पत्त्यावर पोचल्या.