म्हशीबद्दल उपकार

दर गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे कोणाच्या तरी घरी प्रार्थना असते. दांडेलीकडच्या जोयडा गावाच्या पुढे जंगलात आमची मोजकीच ख्रिस्ती घरं, त्यामुळे दांडी मारलेली लगेच कळते. नियम असा की प्रत्येकानं देवाचे मोठ्यानं उपकार मानायचे, आणि कोणीही एकदा मानलेला उपकार पुन्हा चालत नाही. पाऊस, भात, तब्येत हे सगळं केव्हाच संपलेलं. शेवटच्या माणसाचं होईपर्यंत चहाही मिळत नाही.

हा नियम करणाऱ्याला त्या वर्षी मी मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या. मी अंथरुणातून उठतच नव्हते. कारण विचाराल तर धड एकही नव्हतं. वेणी घालायचाही कंटाळा, आणि आपण नसलो तर कोणाचं काही अडणार नाही, हा विचार मुक्कामालाच आलेला. दांडेलीच्या डॉक्टरांच्या गोळ्या सासूबाई रोज हातावर ठेवत, आणि गुरुवारी दंडाला धरून प्रार्थनेला नेत.

अशी नेल्यावर पहिल्यांदा माझी पाळी आली तेव्हा सगळे डोळे मिटून वाट बघत होते. आतून चहाचा वास. मला असा राग आला की मी म्हटलं, "प्रभू, आज सगळ्यांनी मला 'आता बरं वाटतंय का' असं विचारलं. आमच्या म्हशीनं तेवढं विचारलं नाही. तिच्याबद्दल तुझे उपकार."

वाटलं, प्रार्थना चालवणारे पाळक झापणार. पण सगळे गंभीरपणे "आमेन" म्हणाले आणि चहा आला.

मग मला चेवच आला. पाळकांसाठी राखलेली पपई वानरांनी नेली, त्याचे उपकार मानले. पाळक आमेन म्हणाले, पण जरा बारीक आवाजात. गणेशगुडीला राफ्टिंगचं हेल्मेट न काढताच चहा पिणारा एक पाहुणा दिसला, त्यालाही देवापर्यंत पोचवलं. असला माल अंथरुणात सापडत नाही. त्यासाठी परसात, कंदांच्या वाफ्यात, बसस्टँडवर जावं लागे, आणि जायचं म्हणजे वेणी घालावी लागे. देवानं मला कसं बनवलं, ते फार उशिरा लक्षात आलं.

एकच गोष्ट खुपायची. सासूबाई पायातून निघालेल्या काट्याचेही उपकार मानत, पण माझं नाव कधी घेत नसत. एका गुरुवारी सकाळी मी विचारलंच, "आत्ती, तुमच्या उपकारात कोंबड्या सुदिक येत्यात. मीच तेवढी न्हाई व्हय?"

"मी म्हनलं असतं तर तुला म्हनता आलं असतं काय?" त्या शेण काढता काढता म्हणाल्या. "तुज्यासाठीच ठेवलंया ते."

त्या संध्याकाळी प्रार्थना आमच्याच घरी होती. पाळकांच्या स्कूटरवर चढून आरवणारा कोंबडा मी आठवडाभर जपून ठेवला होता. पाळी आली तेव्हा तो राहू दिला.

"प्रभू, मी आहे," मी म्हटलं. "त्याबद्दल तुझे उपकार."

मला ते अगदी खरं वाटत होतं. सगळे आमेन म्हणाले. सासूबाईंचं आमेन ऐकू आलं नाही. त्या चहाच्या निमित्तानं आत गेल्या होत्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

त्या चहात साखर घालायची राहिली होती. सगळ्यांनी तो तसाच संपवला. पुढच्या गुरुवारी त्याचे उपकार मी मानले.